वहिनींची लाइन आणि माझा जागल्या

आमच्या इस्पितळात फोन लावला की पहिला आवाज येतो तो माझ्या वहिनींचा. डॉक्टर बदलले, अधीक्षक बदलले, भिंतींचा रंग हिरव्याचा पिवळा झाला, आवाज मात्र तोच राहिला. जिन्याखाली, एक्स-रेच्या दाराला लागून एक लहानशी खोली आहे, तिथे त्या बसतात. खुर्चीवर घरून आणलेली उशी, हेडफोनच्या फाटक्या स्पंजावर स्वतः शिवलेलं सुती कव्हर, पाठीमागे कुलूप लावलेलं लोखंडी कपाट आणि समोरच्या खिडकीतून दिसणारी रुग्णवाहिकांची शेड, एवढाच त्यांचा कारभार.

पण वहिनी नुसता फोन जोडून देत नाहीत. कुणी घाबऱ्या घाबऱ्या वॉर्डचा नंबर मागितला की म्हणतात, "कोण आहे आत? आई? मग असं करा, मी वाजवते, पण सिस्टर आत्ता औषधं वाटतायत, उचलायला वेळ लागेल. तेवढ्यासाठी जीव टांगणीला लावून बसू नका." समोरच्याचा श्वास जरा खाली बसतो आणि मग त्या बटण दाबतात. कितीतरी माणसं बरी होऊन घरी जाताना जिन्याखाली डोकावून जातात, तो आवाज दिसतो कसा ते बघायला. आवाजाच्या मानाने वहिनी जरा बुटक्या आणि बऱ्याच तापट आहेत, त्यामुळे काहींची निराशाही होते.

त्याच इस्पितळात मी टेलिफोनचा माणूस. माझ्या पदाचं नाव इतकं लांब आहे की ते ओळखपत्रावर दोन ओळींत छापावं लागलं, पण सगळे मला 'फोनवाला' म्हणतात. ही नोकरी मला वहिनींनीच लावून दिली. आई गेली तेव्हा मी शाळेत होतो. दादाचं लग्न झालं आणि वहिनींच्या पदरात नवऱ्याबरोबर एक दीरही पडला. माझा अभ्यास, माझे ताप, माझं परीक्षेत दिवे लावणं हे सगळं त्यांनी निस्तरलं. अजूनही मी त्यांच्याच घरात राहतो आणि सकाळी त्यांच्याबरोबरच चालत कामावर येतो. लग्न जमलं नाही. त्याचं खापर वहिनी माझ्या चेहऱ्यावर, तेही माझ्या तोंडावरच फोडतात.

रोज सकाळी पाळीवर बसल्या की त्यांचा पहिला फोन माझ्या टेबलावर यायचा. "भाऊजी, लाइन नीट येतेय ना? आणि डबा घेतलात का?" लाइन नीट असायचीच. डबा मात्र बऱ्याचदा घरच्या ओट्यावर राहिलेला असायचा आणि वहिनींच्या पिशवीतून बाहेर निघायचा.

मग इस्पितळाने जुनं एक्सचेंज काढलं आणि सगळे फोन एका कॉम्प्युटरवर आणले. हा कॉम्प्युटर म्हणजे सर्व्हर. तो वहिनींच्या पाठीमागच्या कपाटात बसला आणि किल्ली माझ्या कमरेला आली. माणसाच्या कमरेला किल्ली आली की त्याची चाल बदलते. माझी तर भाषाही बदलली. वहिनी म्हणायच्या, "भाऊजी हल्ली घरीसुद्धा भाषण केल्यासारखं पाणी मागतात."

त्याच तोऱ्यात मी एक प्रोग्राम लिहिला. इस्पितळातला प्रत्येक फोन म्हणजे पडद्यावर एक चौकोन. रिकामा असला की राखाडी, वाजत असला की पिवळा, बोलणं चालू असलं की हिरवा आणि बोलता बोलता मध्येच तुटला की लाल. दर सेकंदाला ताजं चित्र. गावाच्या राखणदाराची आठवण ठेवून मी त्याचं नाव 'जागल्या' ठेवलं आणि स्वतःच्या कल्पनेवर स्वतःच खूश होऊन दोन दिवस हसत फिरलो.

अधीक्षक मॅडमना दाखवलं. मॅडम कमी बोलणाऱ्या. त्यांनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "वा! आमच्याकडे असलं काही करणारं कुणी असेल असं वाटलं नव्हतं."

झालं. मी हरभऱ्याच्या झाडावर जो चढलो तो खाली उतरायला तयार होईना. मागेल त्याला जागल्या दिला, न मागणाऱ्याला घरपोच दिला. हिशेब खात्याला दिला, भांडाराला दिला, मोठ्या सिस्टरना दिला. उपाहारगृहाच्या व्यवस्थापकालाही दिला. त्यांच्याकडे फोन एकच होता आणि तो त्यांच्या नाकासमोरच ठेवलेला होता. लोकांना ते हलणारे रंग आवडले. कामाच्या खिडक्या मिटवून लोक जागल्या उघडा ठेवू लागले. कोण किती बोलतं, कोण जागेवर नाही, ही करमणूक सरकारी वेळेत आणि फुकट. येता-जाता कुणी म्हणायचं, "फोनवाले, भारी केलंत हां!" आणि मी नम्रपणे मान खाली घालायचो. आरशासमोर तशी मान घालून पाहिली होती, छान दिसत होती.

एकच गोष्ट मला खटकायची. रोज सकाळी जागल्यावर पहिला हिरवा चौकोन दिसायचा तो वहिनींकडून माझ्या टेबलाकडे. आता ते सगळं इस्पितळ बघणार! मी एकदा येता येता म्हटलं, "वहिनी, तो सकाळचा फोन आता नको. पडद्यावर दिसतो."

"दिसू दे की. दिराला डबा विचारते, दरोडा घालते का?"

"खासगी कॉलमध्ये धरला जातो तो."

"कोण धरतं?"

धरत कुणीच नव्हतं. खासगी कॉलचा रकाना मीच हौसेने काढला होता. पण मी म्हटलं, "वरून नियम आहे." वहिनींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून फोन बंद केला. मला हायसं वाटलं. अकलेचा उजेड याहून जास्त पडू शकत नाही असं कुणाला वाटत असेल, तर त्यांनी पुढचं वाचावं.

थोड्याच आठवड्यांत फोन तुटायला लागले. बोलता बोलता आवाज कापरा व्हायचा आणि लाइन मेल्यासारखी गप्प. बाहेरून येणारा प्रत्येक फोन आधी वहिनींकडे येतो, म्हणून सगळ्यात जास्त लाल व्हायचा तो त्यांचा चौकोन. हे गणित शाळेतल्या पोरालाही सुटलं असतं. पण पडद्यावर लाल दिसलं की माणूस गणित करत नाही, बोट दाखवतो. हिशेब खात्यात कुणीतरी म्हणालं, "बाईंच्या हातून कटचं बटण दाबलं जात असेल," आणि ते दुपारपर्यंत सगळ्या मजल्यांवर पोचलं.

त्यात वहिनी चष्मा लावत नाहीत. लांबचं दिसतं, जवळचं दिसत नाही, आणि हे त्या कुणापुढे कबूल करत नाहीत. वर्तमानपत्र हात लांब करून वाचतात आणि हात पुरेनासा झाला की बातमीत दम नाही म्हणतात. एकदा चहात साखरेच्या जागी मीठ घातलं आणि दादाने तोंड वाकडं केल्यावर त्यालाच म्हणाल्या, "तुमच्या जिभेला झालंय काय?" त्यामुळे मॅडमनी मला बोलावून विचारलं, "ऑपरेटरची चूक असू शकते का?" तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तो खारट चहा आला आणि मी म्हणालो, "असू शकते. त्यांची नजर जरा..."

एवढंच म्हणालो. पुढचं वाक्य मी गिळलं, त्याचं पुण्य माझ्या नावावर कुणी लिहू नये. अर्धं वाक्यच पुरेसं होतं.

वर मी आणखी एक दिवा लावला. फोन नेमका कुणाच्या बोटाने तुटतो ते पकडायला दुसरा जागल्या लिहिला, आणि पहिला नीट काम करतो की नाही हे बघायला तिसरा. तिघेही सर्व्हरला सेकंदा-सेकंदाला विचारणार. फोन आणखी तुटायला लागले. मी म्हटलं, बघा, चूक आता किती स्वच्छ दिसतेय!

"भाऊजी, तुमचं कपाट हल्ली फार धापा टाकतं," वहिनी एकदा म्हणाल्या. "माझं मलाच ऐकू येत नाही."

"उकाडा आहे," मी ज्ञान पाजळलं. "पंखा जोरात फिरतो. त्यात काही नाही. तुम्ही चष्मा घ्या बघू आधी."

वहिनी भांडतील असं वाटलं होतं. भांडल्या नाहीत. दादाबरोबर जाऊन तपकिरी काड्यांचा चष्मा घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी मी कामानिमित्त जिन्याखाली डोकावलो, तर त्या बटणांवर वाकून, एकेक बोट जपून टेकवत होत्या. इतकी वर्षं खिडकीकडे बघता बघता ज्यांची बोटं चालायची त्या वहिनी. बोलणंही आखडलं होतं. "कोणता विभाग? जोडते." बस. मी विचारलं तर म्हणाल्या, "जितकं लवकर जोडावं तितकं बरं. माझ्याकडे असताना तुटायला नको."

त्या दिवशी जेवताना त्या दादाला म्हणाल्या, "अहो, मी खरंच दाबत असेन का हो कट? आणि मला कळतही नसेल?"

दादा म्हणाला, "वेडी आहेस का," आणि माझ्याकडे बघितलं. या घरात फोनमधलं कळणारा मी एकटाच. मी ताटात बघत राहिलो आणि मुकाट्याने जेवलो.

शेवटी मॅडमनी बैठक लावली. वहिनींना फोनवरून काढून चादरी-कपड्यांच्या भांडारात पाठवायचं घाटत होतं. पगार तोच राहणार होता, त्यात कुणाचं वाईट करायचा हेतू नव्हता. पण त्या तळघरात दिवसभर चादरींच्या घड्या मोजायच्या, आणि तिथे फोनही नाही. वहिनी घरी म्हणाल्या होत्या, "चादरींशी काय बोलू?" निर्णय घेण्याआधी तासभर सगळ्यांनी मिळून त्यांचं काम जागल्यावर बघायचं, असं ठरलं. पुरावा डोळ्यांसमोर हवा ना!

बैठकीच्या खोलीत भिंतीवर मोठा पडदा, त्यावर जागल्या. प्रत्येक खातेप्रमुखासमोर लॅपटॉप, त्यावर जागल्या. माझ्यासमोर तिन्ही जागले. आणि वहिनींचा चौकोन जो लाल व्हायला लागला तो बघवेना. लाल, हिरवा, लाल, लाल. हिशेब खात्याचे प्रमुख च्यक् च्यक् करत होते. मॅडम उठल्या. "पडद्यावर नको. प्रत्यक्ष जाऊन बघू."

सगळ्यांनी लॅपटॉप मिटले, भिंतीवरचा पडदा बंद केला आणि आमची वरात जिना उतरून वहिनींच्या खोलीत शिरली. मावत नव्हतो, तरी मावलो. वहिनींनी मागे वळून पाहिलं नाही. चष्मा सारखा केला आणि काम करत राहिल्या. एक फोन, दुसरा फोन, पुढचा. एकही तुटला नाही. बराच वेळ आम्ही उभे होतो आणि एकसुद्धा तुटला नाही.

माझा जीव भांड्यात पडतोय तोवर दारातून बाहेर पडता पडता मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणजे नजरेचा प्रश्नच नाही. कुणी उभं असलं की लक्ष असतं, पाठ फिरली की नसतं. हे तर जास्त वाईट."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावणार होतो. सवय वाईट. पण माझी किल्ली कपाटाच्या कडीत अडकली होती, म्हणून मी मागे राहिलो. ती सोडवताना जाणवलं की कपाट गप्प आहे. पंखा अगदी हळू, झोपलेल्या माणसासारखा फिरत होता. उकाडा तर तसाच होता. माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता. वर मंडळी जागेवर पोचली असतील, लॅपटॉप उघडले असतील, तेवढ्यात पंखा एकदम घोंगावायला लागला. आणि वहिनी हेडफोनवर म्हणाल्या, "हॅलो? हॅलो?" त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते.

मी कपाट उघडलं. सर्व्हरचा जीव कोण खातंय याची यादी पडद्यावर आणली. वरपासून खालपर्यंत एकच नाव होतं. जागल्या, जागल्या, जागल्या, जागल्या. फोन चालवणारा बिचारा प्रोग्राम पार तळाशी, जागा मिळेल तेवढ्यात हातपाय हलवत होता. आमच्याच वॉर्डात रोज दिसतं ते दृश्य. आजाऱ्याच्या खाटेभोवती सगळे नातेवाईक जमून दर मिनिटाला विचारतात, "आता कसं वाटतंय?" आणि तो उत्तरं देऊन देऊन दमतो. माझ्या प्रत्येक उघड्या खिडकीतून सर्व्हरला दर सेकंदाला विचारणा होत होती, सगळ्या फोनांची, पहिल्यापासून. जितके लोक वहिनींवर नजर ठेवत, तितके वहिनींचे फोन तुटत. आणि फोन तुटतात म्हणून आणखी लोक नजर ठेवत.

मग लगेच, माझ्या स्वभावाला साजेसा विचार आला: गुपचूप बंद करून टाकावं. तिन्ही जागले बंद केले. पंखा निवला. कुणाला काही कळायला नको, आपोआप सुधारलं म्हणता येईल. त्या हुशारीत मी वर गेलो तर सगळे पडदे कोरे आणि मॅडम विचारतायत, "हे बंद कसं पडलं? आता फोन तुटतात की नाही, कळणार कसं?" कोऱ्या पडद्याने वहिनी सुटणार नव्हत्या. त्यांच्या बदलीचा कागद सहीसाठी पुढे सरकवलेला होता.

तोंड उघडल्याशिवाय सुटका नव्हती. "मॅडम," मी म्हणालो, "फोन वहिनी तोडत नाहीत. मी तोडतो."

कुणालाच काही समजलं नाही. मलाही ते नीट सांगता येईना. भाषणाची भाषा नेमकी त्या वेळी पळाली. मग मी म्हटलं, "तुम्ही स्वतःच लावून बघा." मॅडमनी आपल्या मोबाइलवरून इस्पितळाचा नंबर लावला. वहिनींचा आवाज खणखणीत आला. मी मॅडमना बोलत राहायला सांगितलं, तिन्ही जागले परत चालू केले आणि बाकीच्यांना म्हटलं, "आता उघडा सगळ्यांनी." मॅडम वहिनींना कामात लक्ष देण्याबद्दल काहीतरी सुनावत होत्या. वाक्य अर्धं झालं आणि फोन तुटला. मॅडम स्वतःच्या बोटाकडे बघत राहिल्या. पुन्हा लावला, पुन्हा तुटला. "आता मिटा," मी म्हटलं. मग लागला तो तुटेना. हिशेब खात्याच्या प्रमुखांना पटेना, म्हणून त्यांनी आपल्या फोनवरून लावून बघितला आणि तोही तसाच तुटला. त्यानंतर त्यांचं च्यक् च्यक् थांबलं.

मॅडमनी कागद बाजूला सारला. मला म्हणाल्या, "आणि तुम्हीच मला त्यांच्या नजरेबद्दल सांगितलंत." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

दुरुस्ती सोपी निघाली, आणि त्याचीच जास्त लाज वाटली. आता एकच जागल्या अर्ध्या मिनिटाने एकदा सर्व्हरला विचारतो आणि उत्तर बाजूला लिहून ठेवतो. ज्याला बघायचंय त्याने ते लिहिलेलं बघावं, सर्व्हरला हात लावू नये. उरलेले दोन जागले मी पुसून टाकले. खासगी कॉलचा रकानाही. लोक कुरकुरले, "पूर्वीसारखं हलत नाही हो!" उपाहारगृहाच्या व्यवस्थापकांनी तर बघणंच सोडलं. फोन तुटायचे थांबले.

घरी मी वहिनींना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "बाकीच्यांचं सोडा हो. तुम्हालाही वाटलं ना, माझंच बोट म्हणून?"

काहीतरी तांत्रिक कारण सांगता आलं असतं. माझ्याकडे ती कमी नव्हती. पण मी "हो" म्हणालो. वहिनी उठून आत गेल्या आणि भांडी जरा जास्तच आवाज करत लावू लागल्या. मला रडू आलं. दादा वर्तमानपत्रामागून म्हणाला, "रड. फार दिवसांनी योग्य काम करतोयस."

वहिनी जागेवर राहिल्या. हळूहळू आवाजही मोकळा झाला. जिन्याखालून जाताना मला ऐकू यायचं, कुणाच्या तरी आईची चौकशी चाललेली असायची. चालत येताना माझ्याशीही बोलत, पण मोजकं. माझ्या टेबलावरचा फोन मात्र सकाळी वाजत नव्हता. तो बंद करायला मीच सांगितलं होतं, मग चालू करा म्हणायचं कोणत्या तोंडाने? मी सकाळी जागल्या उघडून बसायचो. सगळ्या इस्पितळाचे चौकोन सोडून वहिनींचा चौकोन माझ्या टेबलाकडे हिरवा होतो का, एवढंच बघायचो. चित्र अर्धं मिनिट जुनं असतं हे ठाऊक असूनही डोळे फाडून बघायचो.

असाच एका सकाळी पडद्याला नाक लावून बसलो असताना कोपराशी फोन वाजला. मी दचकून उचलला.

"भाऊजी, डबा माझ्या पिशवीत आहे, घेऊन जा. आणि शर्टाची बटणं वरखाली लागलीत तुमची. रस्त्यातच सांगणार होते, पण म्हटलं चष्मा नवीन आहे, मलाच चुकीचं दिसत असेल."

"वहिनी..." मी म्हणालो.

"लाइन नीट येतेय ना?"

"येतेय."

"मग ठेवते. लोक खोळंबलेत."

मी फोन ठेवला, शर्टाची बटणं सोडून पुन्हा लावली आणि डबा आणायला उठलो. दाराशी पोचल्यावर मागे वळून बघितलं, तर पडद्यावरचा तो चौकोन आत्ता कुठे हिरवा होत होता.